रंगीत तालमीत वाजलेली मयताची घंटा

गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी साडेसात वाजता, चर्चमागच्या हॉलमध्ये, आमच्या नाटकाचा साउंड सांभाळणाऱ्या बाईवर आमच्या गावाने अन्याय केला. मी तिथे होते. मी पत्रकं लिहीत मोठी झाले आहे. पाण्याचं पत्रक, कचऱ्याचं पत्रक, हरितपट्ट्याचं पत्रक. पत्रकात पहिल्याच ओळीत सांगावं लागतं की कोणाचं काय गेलं आणि कधी गेलं. नाहीतर माणूस दुसरी ओळ वाचत नाही, त्या कागदात शेंगा बांधतो. म्हणून आधी सांगून टाकलं. नाव लिहिणार नाही, कारण तिने नको म्हटलंय. बाकीच्यांची नावं मी माझ्या मनाने गाळतेय. गावाला ती कळतीलच.

आमचं नाट्यमंडळ हौशी. वसईतल्या आमच्या पट्ट्यात सणाच्या दिवसांत गावाने नाटक बसवायची रीत जुनी आहे. आमच्यात वाडीवाले आहेत, बँकेतले आहेत, दोन नर्सा आहेत, कामणच्या गोदामात सुपरवायझर असलेले एक काका आहेत. ते काका गेली कित्येक वर्षं आमचे नायक. दिग्दर्शक म्हणजे सर. गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत, मला निबंध. आमच्याकडे फादरांशी कोणी वाद घालेल, सरांशी नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आणि ती. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहते, मूळची देवगडकडची, नोकरी अंधेरीला. दोन वर्षांपूर्वी आमचं नाटक बघायला आली होती. नाटक संपल्यावर सगळे नटांचे हात हातात घेत होते, ही सरळ आमच्या साउंडच्या टेबलाशी गेली आणि तिथल्या मुलाला म्हणाली, "दुसऱ्या अंकात पाऊस जरा उशिरा आला ना?" मुलगा म्हणाला, "हो, मी वडा खात होतो." पुढच्या नाटकापासून टेबल तिच्याकडे आलं. ऑफिसातून सुटून, नायगावला उतरून, स्कूटर काढून ती तालमीला यायची. कधी चुकली नाही. आम्ही मंडळात एकमेकांना काका, मावशी, बाय म्हणतो. तिला मात्र सगळे मॅडम म्हणायचे. मी तिला ताई म्हणायचे, तर एकदा मंडळातल्या एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी कुठून ताई ती?" मॅडम हा मान नव्हता. ते कुंपण होतं.

यंदाचं नाटक सरांनी लिहिलेलं, तालमीत सगळ्यांनी वाढवलेलं. एक श्रीमंत वाडीवाला मरणपंथाला लागलाय, पण मरत नाही. मुलांनी वाडी बिल्डरला देऊन टाकलीय, शवपेटीचं माप घेतलंय, मयताच्या जेवणाला सांगून झालंय. सगळी तयारी आहे, फक्त म्हातारा नाही म्हणतोय. शेवटी धाकटा मुलगा घाई करून घंटा वाजवणाऱ्याला आधीच निरोप धाडतो, आणि म्हातारा खाटेवर पडल्या पडल्या स्वतःची मयताची घंटा ऐकतो. तो उठून बसतो आणि विचारतो, "कोण गेलं?" घरात कोणाकडे उत्तर नाही. धाकटी सून, म्हणजे मी, हातात पेजेची वाटी घेऊन उभी. मी म्हणायचं, "असेल कोणीतरी लांबचं, बाबा." तालमीत इथे आम्ही दर वेळी हसायचो, आणि दर वेळी हसून झाल्यावर जरा गप्प व्हायचो.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे कोणी गेलं की चर्चची घंटा वेगळी वाजते. एक ठोका पडतो, मग इतका वेळ काहीच नाही की वाटतं संपली, आणि मग दुसरा. हल्ली मयताची बातमी व्हॉट्सॲपवर आधी येते, पण म्हातारी माणसं मोबाईलला मानत नाहीत. मोबाईलवर कोणीही मरतं, घंटेवर खरं माणूस मरतं. घंटा आली की केळीला पाणी लावणारा पाइप खाली ठेवतो, छातीवर क्रूस काढतो आणि कुंपणापलीकडे हाक मारतो, "कोन गेलं गो?"

तर सरांना नाटकात ही घंटा हवी होती, आणि खरी हवी होती. यूट्यूबवरची नको, दुसऱ्या गावची नको. आपल्याच चर्चची, आपल्याच ठोक्याची. त्यांच्या चुलतभावाच्या मयताला त्यांनी स्वतः अंगणात उभं राहून ती मोबाईलवर भरून घेतली होती. यावर मला काही म्हणायचं नाही, भाऊ त्यांचा. ती फाइल त्यांनी ताईला दिली तेव्हा मी बाजूलाच बसून चहा पीत होते. ताईने कानाला लावून ऐकली आणि विचारलं, "सर, ही इथलीच ना? लोक ओळखतील."

"ओळखावीच."

"ओळखून घाबरले तर?"

सर हसले. "मॅडम, आपलं गाव आहे. आमच्या लोकांना आम्ही ओळखतो."

आपलं गाव, पण आमचे लोक. तेव्हाच मला खटकलं होतं.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मैदानावर रंगीत तालीम. मांडव लागलेला, पडदा लागलेला, खुर्च्यांच्या चळती येऊन पडलेल्या. मांडववाल्याने सणाच्या मिरवणुकीचे मोठे भोंगे अजून काढले नव्हते. ते मैदानाच्या चारी कोपऱ्यांना, तोंडं गावाकडे. ताईने हे पाहिलं होतं. तिने टेबलावरून हाक मारली, "सर, बाहेरचे भोंगे जोडलेले आहेत. मांडववाल्याला बोलावून काढून घेऊया का? दहा मिनिटं लागतील."

सर रंगमंचाच्या कडेला उभे, हातात काठी. उजेड जाईल म्हणून त्यांची घाई चाललेली. "आता दहा मिनिटं नाहीत. मला मागच्या रांगेतून आवाज ऐकायचाय. लावा."

"घंटा तेवढी नंतर घेऊ? बाकीचं सगळं…"

"मॅडम, लावा म्हटलं ना. पूर्ण आवाजात."

हे मी ऐकलं. खाटेवर झोपलेल्या काकांनी ऐकलं. मोठ्या सुनेचं काम करणाऱ्या नर्सने ऐकलं. पेटीचं माप घ्यायला टेप घेऊन उभ्या असलेल्या मोठ्या मुलाने ऐकलं. कोणी ऐकलं नाही असं नाही.

तिने लावली.

मी आयुष्यात पुष्कळ मोर्च्यांत भोंगे ऐकलेत. असा आवाज ऐकला नाही. पहिला ठोका गावावर पडला आणि मैदानाच्या पलीकडच्या वडावरचे कावळे उठले. मग ती शांतता. दुसरा ठोका. सर डोळे मिटून मान हलवत होते, मनासारखं झाल्यासारखे. काका खाटेवर उठून बसले, "कोण गेलं?" म्हणाले, मी "असेल कोणीतरी लांबचं, बाबा" म्हणाले. तिसरा ठोका पडला आणि रस्त्यावरून एक बाई पळत गेली. पदर खोचलेला, एका पायात चप्पल. तिच्यामागे दोघी. मग एक सायकल. सगळे एकाच दिशेने.

नर्स हळूच म्हणाली, "मेली वाटतं."

कोण, ते विचारावं लागलं नाही. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या समितीचे जे प्रमुख, त्यांची आई. नव्वदीच्या पुढची, महिनाभर अंथरुणाला खिळलेली, फादर येऊन मरणाआधीचं शेवटचं तेललावण करून गेलेले. अख्खं गाव तिच्या घंटेची वाट बघत होतं. वाईट मनाने नाही, पण बघत होतं. आणि आम्ही ती वाजवली होती.

ताईने आवाज बंद केला तेव्हा पाचवा ठोका अर्धवट राहिला. तिने सरांकडे पाहिलं. सर काठीकडे पाहत होते.

पुढचं मला शेजारणीकडून कळलं. बायका दारात पोचल्या तेव्हा म्हातारी जागी होती. तिनेही घंटा ऐकलेली. हातात जपमाळा, डोळ्यांत पाणी अशा बायका खाटेभोवती जमलेल्या बघून तिने विचारलं, "कोन गेलं?"

आमच्या नाटकातलं वाक्य. तिला नाटक माहीतही नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एकजण म्हणाली, "नायगावची कोनतरी."

प्रमुख बाजारात होते. त्यांना तिथे लोकांनी मिठ्या मारल्या. एकाने खांदा थोपटून "सुटली बिचारी" म्हटलं. ते तसेच धावत घरी आले, तोवर धाकट्या भावाने ऑफिस सोडलेलं, कुवेतची बहीण फोनवर ओरडून रडत होती. मला त्यांचा राग समजतो. त्या रात्री ते हॉलमध्ये म्हणाले, "बाजारापासून घरापर्यंत माझी आई मेलेली होती."

आता ते साडेसात. हॉलमध्ये समितीचे पाचसहा जण टेबलामागे, आम्ही मंडळाचे खुर्च्यांवर, ताई मागे भिंतीशी. तिला कोणी खुर्ची दिली नाही. मी माझी सरकवली तर तिने मानेनेच नको म्हटलं.

प्रमुख उभेच होते. "मला एवढंच सांगा. घंटा कोणी वाजवली?"

पंखा फिरत होता. आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि म्हणाले, "साउंड मॅडम बघतात."

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साउंड मॅडमच बघत होत्या. खोटं बोलले असते तर मी त्यांना खोटारडे म्हणू शकले असते. त्यांनी खरं बोलून तिला पुढे ढकललं आणि स्वतः खुर्चीत मागे टेकले.

"मॅडम कुठच्या?" समितीतल्या एकाने विचारलं, जणू माहीत नाही.

"नायगावच्या. टॉवरमधल्या."

"मग बरोबर. त्यांना आमच्या घंटेचं काय कळणार? त्यांना ती रिंगटोन."

कोणीतरी हसलं. मी उठले. "वाजवायला कोणी सांगितलं ते विचारा ना. भोंगे काढूया असं कोण म्हणत होतं ते विचारा."

"तू बस गो," प्रमुख म्हणाले. "हे तुझं पाण्याचं आंदोलन नाही."

"मी बसणार नाही. इथे बसलेल्या सगळ्यांनी ऐकलंय. काका, तुम्ही सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. "मी झोपलेलो होतो," ते म्हणाले.

आता यावर रडावं की हसावं? ते खरंच झोपलेले होते. खाटेवर, मेकअप करून, मरणपंथाला लागून.

नर्स काही बोलली नाही. टेपवाला मोठा मुलगा काही बोलला नाही. एवढे सगळे शिकलेले, नोकरीचे, मतदान करणारे, माझ्या पत्रकावर सह्या करणारे लोक. एकाला सरांच्या तोंडावर "सर, तुम्ही म्हणालात" एवढे तीन शब्द बोलता आले नाहीत. समितीने अट घातली. उद्या पडदा उघडण्याआधी जिने घंटा वाजवली तिने पडद्यापुढे येऊन गावाची माफी मागायची, आणि नाटकात घंटा वाजता कामा नये. नाहीतर मैदान मिळणार नाही. सर म्हणाले, "मान्य." तिला विचारलंही नाही.

बाहेर स्कूटरजवळ मी तिला गाठलं. मी तापलेली. म्हटलं, "ताई, तू यायचंच नाही उद्या. मी पण येत नाही. बघू दे कसं करतात नाटक ते."

ती हेल्मेट हातात घेऊन उभी होती. "तू आली नाहीस तर नाटक होणार नाही."

"नकोच व्हायला."

"आणि नाही झालं तर ते कोणाच्या नावावर जाईल? तुझ्या?" ती थांबली. "तू या गावची आहेस. आज भांडशील, उद्या सणाचं जेवण जेवायला ह्यांच्याच पंगतीत बसशील. मला परत यायचं असेल तर हा एकच रस्ता आहे. मला हे काम आवडतं गं. उद्या तू तुझी वाक्यं नीट घे, बस."

पत्रकात हे कुठे बसवायचं ते मला कळलं नाही. ती गेली.

रविवारी मैदान भरलं. नेहमीपेक्षा जास्तच. अर्नाळ्याहूनसुद्धा लोक आलेले. शनिवारची गोष्ट तिथवर गेलेली, आणि लोकांना नाटकापेक्षा माफी बघायची होती. मी विंगेत उभी, हातात पेजेची वाटी, कारण हात मोकळे ठेवले तर काय करीन याची खात्री नव्हती. समोरच्या विंगेत सर, नवा झब्बा घालून.

ताई पडद्यापुढे आली. साधी, ऑफिसला जाते तशीच. माइकवाल्याने माइक तिच्या तोंडापासून लांब धरला, तर तिने तो हातात घेतला.

"काल संध्याकाळी घंटा मी वाजवली. ज्यांच्या घरी त्यामुळे दुःख झालं, त्यांची मी माफी मागते."

मग ती थांबली. पडद्याच्या फटीतून मला ती पाठमोरी दिसत होती. तिने मान वळवून सरांच्या विंगेकडे पाहिलं. एकदाच. ती वाट बघत होती. त्या मैदानात ज्या ज्या माणसाला खरं माहीत होतं, तो तो त्या क्षणी वाट बघत होता. दोन पावलांचं अंतर होतं. सरांनी ती दोन पावलं टाकून "मी सांगितलं होतं" म्हटलं असतं, तर त्यांचं काय गेलं असतं? कोणी हसलं असतं. कोणी म्हणालं असतं, सर म्हातारे झाले. एवढंच.

सरांनी झब्ब्याची बटणं लावली.

मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, आज कोनाचा नंबर?" मैदान हसलं. ती खाली उतरली आणि खुर्च्यांच्या मधून, हसणाऱ्या माणसांच्या मधून चालत आपल्या टेबलापाशी गेली. कारण तिच्याशिवाय ते टेबल चालवता येणारं दुसरं कोणी आमच्याकडे नव्हतं. माफी मागून घेतली, आणि कामही करून घेतलं.

नाटक सुरू झालं. मी खरं तेच सांगते, नाटक चांगलं चाललं. तिचा प्रत्येक आवाज जागेवर पडत होता. बिल्डरच्या गाडीचा हॉर्न, कोंबडा, कुकरची शिट्टी. टेप म्हाताऱ्याच्या खाटेवर धरली तेव्हा लोक खुर्च्यांतून घसरले. मला मात्र पुढचा प्रवेश दिसत होता.

ठरलं असं होतं की घंटा नाही, काकांनीच म्हणायचं, "घंटा वाजतेय वाटतं," आणि पुढे जायचं. एक वाक्य. दुपारी पाच वेळा म्हणून घेतलं होतं त्यांच्याकडून. पण हौशी नटाची गोष्ट अशी असते की दोन महिने ज्या आवाजावर तो उठून बसलाय, तो आवाज आला नाही तर त्याचं अंग हलत नाही. काका पडून राहिले. मी वाटी घेऊन उभी. नर्स उभी. सगळीकडे शांत.

काका वाट बघत होते घंटेची. त्यांनी हळूच मान वळवून मैदानापलीकडे टेबलाकडे पाहिलं. ते बघताहेत म्हणून पुढची रांग मागे वळली, मग तिच्या मागची, मग सगळी माणसं खुर्च्यांतून वळून तिच्याकडे बघायला लागली. ताईने दोन्ही हात वर केले होते. खांद्यापर्यंत, पंजे उघडे, सगळ्यांना दिसतील असे. मी हात लावलेला नाही.

पहिल्या रांगेत समितीचे प्रमुख होते, ते अर्धे उठले. सर विंगेतून दातओठ खात "वाक्य, वाक्य" म्हणत होते. ती शांतता किती लांबली ते मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की त्या शांततेत प्रत्येकाच्या डोक्यात ती घंटा वाजत होती. एक ठोका, मग थांबणं, मग दुसरा. तिकडे चारशे माणसं होती की पाचशे, कोणाला ऐकू येत नव्हती असं नव्हतं.

आणि काका अचानक उठून बसले. ठरलेलं वाक्य विसरले. सरळ म्हणाले, "कोण गेलं?"

तिसऱ्या रांगेतून, काल एका चपलेत पळत गेलेल्या बाईने जोरात उत्तर दिलं, "अजून कोनीच नाय!"

मैदान फुटलं. मी तसं हसणं आमच्या गावात कधी ऐकलं नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. समितीतला तो रिंगटोनवाला डोळे पुसत होता. प्रमुख बसले, तोंडावर रुमाल धरला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडताहेत. हसत होते. नाटक तिथून जे उचललं गेलं ते पडदा पडेपर्यंत खाली आलं नाही.

मी वाटी घेऊन उभी होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती. ज्या चुकीसाठी तासाभरापूर्वी एका बाईला उभं करून माफी मागायला लावली, त्याच चुकीवर सगळं गाव आता पोट धरून हसत होतं. मग गुन्हा गेला कुठे? तुम्ही घंटेला माफ केलंत. स्वतःला माफ केलंत, धावल्याबद्दल, रडल्याबद्दल, म्हातारीच्या मरणाची वाट बघितल्याबद्दल. तिला मात्र नाही. तिने हात खाली घेतले होते आणि पुढच्या कोंबड्याची तयारी करत होती.

पडदा पडल्यावर सगळ्यांची ओळख करून दिली. आमच्याकडे सगळ्यांना रंगमंचावर बोलावतात, चहावाल्यालासुद्धा. चहावाल्याला बोलावलं. मांडववाल्याला, ज्याचे भोंगे होते त्याला, फूल दिलं. तिला बोलावलं नाही. मी माइक घ्यायला पुढे झाले तर नर्सने माझा हात धरला, "आज नको, सगळं छान झालंय." मी हात सोडवून तिचं नाव ओरडले, तेव्हा माइक बंद झालेला आणि टाळ्या चालू. कोणाला ऐकू गेलं असेल तर त्याने ऐकलं नसल्यासारखं केलं.

खाली उतरताना शेजारच्या गावचे एक नाटकवाले सरांना म्हणत होते, "सर, ती शांतता! काय जागा काढलीत!" सर म्हणाले, "मुद्दामच घंटा घेतली नाही. प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडलं."

मी हे ऐकलं. सरांनी मला पाहिलं. त्यांची नजर खाली गेली नाही.

नंतर नाटकाला आमंत्रणं आली. बाहेरगावच्या प्रयोगांना साउंडला मांडववाल्याचा माणूस घेतला. का, विचारलं तर सर म्हणाले, "गावात त्यांचं नाव जरा… लोक विसरेपर्यंत थांबू." लोक काय विसरायचेत ते मला सांगा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून ती एका सकाळी दिसेनाशी झाली. कोणी काढली ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे सगळं आपोआपच होतं.

मी नायगावला तिच्या घरी गेले होते. खिडकीतून खाडी दिसते. तिने थालीपीठ केलं. मी म्हटलं, पत्रक काढते, सरांचं नाव घालून, प्रत्येक घरात टाकते. ती म्हणाली, "नको. मला म्हाताऱ्या माणसाची फजिती बघायची नाही. मला टेबल परत हवंय." मग जरा वेळाने, तवा उतरवत, म्हणाली, "आणि लोक ओळखतील हे मी सांगितलं होतं, एवढं कोणीतरी कधीतरी मोठ्याने म्हटलं पाहिजे. मी म्हणून उपयोग नाही. मी म्हटलं तर ती तक्रार होते."

म्हणून हे पत्रक नाही. हे मी माझ्या आठवणी म्हणून लिहिते, कारण तिने पत्रकाला नाही म्हटलं, आठवणींना नाही म्हटलेलं नाही.

सणाचे दिवस येताहेत. मंडळाने नवं नाटक बसवायला घेतलंय आणि टेबलापाशी कोणीतरी दुसराच बसणार आहे. तुम्ही त्या रविवारी मैदानात होता. तुम्ही हसलात, मीही तुम्हाला हसताना पाहिलं. यंदा या, पण बसू नका. पडदा उघडायच्या आधी सगळे उभे राहा, आणि सरांनी त्या पडद्यापुढे येऊन, माइक हातात घेऊन, "लावा म्हणून मी सांगितलं होतं, तिने नको म्हटलं होतं" असं तिच्या नावासकट म्हणेपर्यंत उभेच राहा. तोवर खुर्चीला पाठ टेकू नका. नाटक उशिरा सुरू झालं तरी चालेल.